हजार रुपयांतला कोयता आणि पात्याचे पाणी

वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: “मी कोल्हापुरात शाळेत शिकवते. भुदरगड तालुक्यात सासरची वीस गुंठे जमीन सहा-सात वर्षे पडून आहे. तिथे घाणेरी आणि करवंदीची जाळी माजली आहे, कडेला बांबूचे बेट आहे. दिवाळीनंतर शनिवार-रविवारी जाऊन आम्ही दोघे ती स्वतःच साफ करणार आहोत. त्यासाठी एक मोठे तोडायचे पाते घ्यायचे आहे आणि हजार रुपयांच्या वर जायचे नाही. मोबाईलवर काळ्या रंगाचा, पाठीला करवतीचे दात असलेला स्टेनलेस स्टीलचा सुरा 899 रुपयांना दिसतो. यजमान म्हणतात, गावचा लोहारी कोयताच घे. माझे मनगट बारीक आहे, जड अवजार पेलत नाही. हिवाळ्यात रांगणा किल्ल्यावर जाताना हेच पाते बरोबर नेता येईल का? ता. क. सासऱ्यांचा एक जुना, गंजलेला कोयता माळ्यावर पडून आहे. त्याची मूठ हलते. टाकून द्यावा का?”

स. न. वि. वि.

तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धेच आहे. लोहारी कोयता घ्यावा हे खरे, मात्र लोहाराच्या दारात टांगलेला कोणताही कोयता उचलून आणावा असे नाही. तुमच्या कामासाठी आणि तुमच्या मनगटासाठी मी 10 ते 11 इंच लांबीचे, पाठीकडे 3 ते 4 मिलिमीटर जाड असलेले आणि धारेकडे सारखे निमुळते होत गेलेले पाते सुचवीन, ज्याचे मुठीसकट वजन 450 ते 550 ग्रॅमच्या दरम्यान भरेल. यापेक्षा लांब पाते झुडपांच्या जाळीत अडकते, आणि यापेक्षा जड पाते पहिला अर्धा तास सुखाचे वाटून पुढे मनगट धरते. ही मापे कोणत्याही बाजारात पाहता येतात. दिसत नाही ते पात्याचे पाणी, आणि पाते टिकणार की नाही हे त्यावरच ठरत असल्याने मी या उत्तरात त्याविषयीच अधिक लिहिणार आहे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात सत्तावीस वर्षे मी पोलादाला पाणी देण्याचेच, म्हणजे ते तापवून-थंड करून त्याचा कडकपणा आणि चिवटपणा ठरवण्याचे (हीट ट्रीटमेंटचे) काम केले, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचाही आहे.

प्रथम त्या काळ्या सुऱ्याविषयी. स्टेनलेस पोलाद मुळात वाईट नसते. स्वयंपाकघरात भाजी चिरायला, लिंबू कापायला त्याच्याइतके सोयीचे काही नाही. पण ‘स्टेनलेस’ हे एका पोलादाचे नाव नसून साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असलेल्या साऱ्या कुळाचे नाव आहे, आणि त्या कुळात ताटे-वाट्या बनवण्याचे 304 नंबरचे पोलादही येते, जे कितीही तापवून बुडवले तरी कडक होत नाही. स्वस्त सुऱ्याच्या जाहिरातीत पोलादाचा नंबर सहसा दिलेला नसतो. जो दिला जातो तो बहुधा 420 किंवा 3सीआर13 असा असतो. त्या पोलादाची धार बऱ्यापैकी बसते, पण वाळक्या बांबूवर ती लवकर मुडपते. पाठीवरच्या करवतीच्या दातांचा तुम्हाला काहीही उपयोग होणार नाही. जाड पात्यावर पाडलेले ते दात ओल्या लाकडात भुशाने भरून अडकतात, आणि पाठीवर तळहात किंवा लाकडी ठोकळा ठेवून दाब देण्याची जी सोय साध्या कोयत्यात असते ती त्यांच्यामुळे जाते. काळा रंग गंज रोखण्यापेक्षा खालच्या घासकामातले दोष झाकण्याच्या अधिक कामी येतो, असे माझे मत आहे.

पण माझा खरा आक्षेप मुठीच्या आत काय आहे यावर आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक सुरा घेतला होता. कोणत्या दुकानातून, हे महत्त्वाचे नाही. मित्राच्या शेतात बांधावरचा बांबू तोडताना चौथ्या-पाचव्या घावाला हातात नुसती मूठ राहिली आणि पाते माझ्या भाच्याच्या डोक्यावरून जाऊन मागच्या उसात पडले. मुलगा चार हातांवर उभा होता. पाते शोधून आणल्यावर पाहिले, तर पात्याची जी शेपटी मुठीत पुरी जायला हवी ती पेन्सिलीएवढ्या जाडीची एक सळई होती आणि ती पात्याला मागाहून वेल्डिंगने जोडलेली होती. मोडलेल्या तोंडावर जाड, चमकदार, मिठाच्या खड्यांसारखे दाणे दिसत होते. वेल्डिंगच्या उष्णतेने तिथले पोलाद ठिसूळ झाले होते आणि नंतर कोणी त्याला नीट पाणी दिले नव्हते. ती मोडलेली मूठ मी अजून कपाटात ठेवली आहे. म्हणून पहिली अट अशी की, पाते आणि शेपटी एकाच पट्टीची असावी, शेपटी मुठीच्या टोकापर्यंत जावी आणि ती निदान दोन, शक्यतो तीन रिबिटांनी पक्की केलेली असावी, किंवा मुठीतून आरपार जाऊन मागच्या टोकाला वळवून ठोकलेली असावी. जी मूठ प्लॅस्टिकची असून जिच्या आतले काही दिसत नाही, ती स्वस्तात घेऊ नये.

आता पाण्याविषयी. आपल्याकडचे बहुतेक चांगले कोयते गाडीच्या जुन्या कमानपाट्यापासून, म्हणजे चाकांवरचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्टीपासून घडवतात. कमानपाट्याचे पोलाद उत्तम असते. त्यात साधारण अर्धा ते पाऊण टक्का कार्बन असतो, आणि वाकून परत सरळ होण्यासाठीच ते बनवलेले असल्याने तोडण्याच्या कामाला ते चांगले मानवते. पण ‘पाट्याचा कोयता आहे’ एवढ्यावर दुकानदाराने हमी दिली तर ती पुरेशी नाही, कारण लोहाराने पाटा भट्टीत लाल करून घणाखाली घातला, त्याच क्षणी कारखान्याने त्याला दिलेले पाणी संपले. पुढे जे काही होते ते त्या लोहाराच्या हातचे असते. पाते घडवून झाल्यावर तो ते पुन्हा केशरी-लाल, म्हणजे साधारण साडेआठशे अंश सेल्सिअसपर्यंत तापवतो आणि तेलात किंवा पाण्यात बुडवतो. त्या क्षणी पोलाद काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ झालेले असते. अनेक पाती इथेच सोडून दिली जातात आणि ग्राहकाकडे जाऊन फुटतात. जाणता लोहार मात्र बुडवलेले पाते वाळूने घासून उजळतो, पाठीकडून पुन्हा मंद आचेवर धरतो आणि रंगाची वाट पाहतो.

हा रंग एकदा डोळ्यांनी पाहावा असा असतो. उजळ पात्यावर पाठीकडून आधी वाळल्या गवताचा पिवळा रंग धावतो, त्याच्यामागून तपकिरी, मग जांभळा आणि शेवटी मोरपिशी निळा, आणि ही सारी मिरवणूक बोटभर रुंदीत धारेकडे सरकत जाते. पिवळा दोनशे वीस-तीस अंशांना उमटतो आणि निळा तीनशेच्या आसपास. विळ्याला किंवा वस्तऱ्याला पिवळ्यावर थांबतात, कारण तिथे कडकपणा हवा. कोयत्याची धार मात्र जांभळ्यापर्यंत येऊ द्यावी आणि पाठ निळ्याच्याही पुढे जाऊ द्यावी, म्हणजे धार टिकते आणि पाठ घाव सोसते. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर तोडायच्या पात्याची कठीणता रॉकवेल सी मापावर 50 ते 54च्या आसपास पुरते. स्वयंपाकघरातली चाकू-सुरी 56 ते 60वर असते. अधिक कडक म्हणजे अधिक चांगले, ही समजूत कोयत्याच्या बाबतीत चुकीची आहे. मुडपलेली धार कानशीने पाच मिनिटांत सरळ होते, पण धारेचा टवका उडाला तर निम्मे पाते घासावे लागते, आणि उडालेला टवका डोळ्यात गेला तर डोळाच गमावण्याची वेळ येऊ शकते.

लोहार तुमच्यासमोर पाणी देणार नसेल, तर तयार पात्याचे पाणी कसे ओळखावे? त्यासाठी पिशवीत एक नवी बारीक दातांची कानस घेऊन जा. दुकानदाराला विचारून धारेच्या मुठीजवळच्या कोपऱ्यावर ती हलकेच एकदा चालवा. कानस लोण्यात शिरल्यासारखी शिरली, तर एकतर ते साधे मऊ लोखंड आहे, ज्याला पाणी चढत नाही, किंवा त्याला पाणी दिलेलेच नाही. कानस काचेवरून घसरावी तशी सरकन घसरली, तर पाते अतिकडक राहिले आहे. कानशीने जरा हट्टाने पण धरून घ्यावे, बारीक कीस पडावा, हे बरोबर. आधी तेथल्याच एखाद्या खिळ्यावर कानस चालवून पाहिली की हाताला फरक पटकन कळतो. दुसरी परीक्षा कानाची. मूठ दोन बोटांत सैल धरून पाते खाली लोंबू द्या आणि त्यावर नाण्याने टिचकी मारा. आवाज स्वच्छ आणि लांबत जाणारा आला पाहिजे. बद्द आवाज आला, तर मूठ सैल आहे किंवा पात्यात कुठेतरी चीर आहे. जुन्या कमानपाट्यात वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी डोळ्यांना न दिसणारी चीर असू शकते, म्हणून ही टिचकी टाळू नका. शेवटी पाते डोळ्यासमोर आडवे धरून धारेच्या रेषेत पाहा. रेषा नागमोडी दिसली, तर ते पाते सोडून द्या, कितीही घासाघीस होऊन स्वस्तात मिळाले तरी.

हाताच्या बाबतीत तुमची काळजी अगदी रास्त आहे. आपल्याकडे ऊसतोडीच्या मजुरीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, पण त्या एका कोयत्यातली अर्धी मेहनत करणाऱ्या बाईच्या हाताचे माप घेऊन मूठ घडवलेली मी क्वचितच पाहिली आहे. मुठीला चिंधी गुंडाळून किंवा ती घासून बारीक करून त्या बायका आपली सोय आपणच करून घेतात. मूठ पकडल्यावर मधल्या बोटाचे टोक तळहाताच्या गादीला जेमतेम टेकले पाहिजे. बोट आणि तळहात यांच्यात फट राहिली तर मूठ जाड आहे. बोटे तळहातात रुतली तर ती बारीक आहे, आणि बारीक मूठ जाड मुठीपेक्षाही लवकर फोड आणते. मुठीचे मागचे टोक थोडे फुगीर किंवा खाली वळलेले असावे, म्हणजे घाम आला तरी कोयता हातातून निसटत नाही. लाकूड बाभळीचे, शिसवीचे किंवा धामणीचे मिळाले तर उत्तम, कारण ही लाकडे हादरा पितात. आणि दुकानातच एक साधी गोष्ट करा. कोयता हातात घेऊन हात सरळ पुढे करा आणि मनात साठ आकडे मोजा. चाळिसाच्या आत मनगट खाली झुकू लागले, तर तो कोयता तुमच्यासाठी नाही, त्याचे पोलाद कितीही चांगले असो.

ऊसतोडीचा म्हणून जो कोयता विकतात तो पातळ पात्याचा असतो आणि रसरशीत उसासाठी तो योग्यच आहे, पण तुमच्या वाळक्या बांबूवर त्याची धार टिकणार नाही. तुम्हाला टोकाशी थोडा आत वळलेला कोयता बरा. करवंदीची आणि घाणेरीची काटेरी फांदी त्या वळणाने आपल्याकडे ओढता येते आणि मग हात काट्यांत न घालता ती बुडाशी तोडता येते. भुदरगडच्या खाली घाट उतरला की कोकणात अशाच वळणाची कोयती कमरेच्या लाकडी आकडीत अडकवून माणसे दिवसभर हिंडतात, ती याच सोयीसाठी. घाव उभ्या बुंध्याला काटकोनात न घालता तिरका घालावा, पण तोडलेले खुंट जमिनीलगत आणि बोथट ठेवावेत. तिरके कापलेले बांबूचे खुंट भाल्यासारखे उभे राहतात आणि चपलेतून तळपायात शिरतात. घाणेरी तर नुसती तोडून भागतच नाही, ती दुप्पट जोमाने फुटते. तिचे गड्डे कुदळीने काढावे लागतील, आणि ते काम कोयत्याकडून करून घेऊ नका, कारण मातीत एकदा घुसलेली धार दगडावर आपटते.

मनगटाएवढ्या जाडीच्या वरचे जे काही असेल, त्याला करवत लावा. म्हणूनच मी तुमचे सगळे हजार रुपये पात्यावर घालवू नका असे सांगेन. साधारण पाचशे-साडेपाचशे रुपये कोयत्यासाठी ठेवा, उरलेल्यांत घडीची छोटी करवत, एक कानस आणि चामड्याचे हातमोजे बसवा. कानशीशिवाय कोयता घेणे म्हणजे विहीर खोदून दोर न आणण्यासारखे आहे. दर तासाभराने दोन्ही बाजूंनी चार-चार हात कानस फिरवली की धार जागेवर राहते. दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस अंशांचा उतार ठेवा, भाजीच्या सुरीसारखी पातळ धार काढू नका. धार लावून देणाऱ्याच्या ग्राइंडरवर पाते द्यायचेच झाले तर शेजारी उभे राहा आणि दर दोन फेऱ्यांनी ते पाण्यात बुडवायला सांगा. कडेला निळसर डाग पडला की तेवढ्या जागेचे पाणी गेले, आणि पुढे तिथेच धार मुडपत राहील.

कोयता कुठे घ्यावा, तर शक्य असेल तर गारगोटीच्या किंवा जवळच्या आठवडी बाजारात, जिथे घडवणारा स्वतः विकायला बसतो. बाजारात गर्दी नसताना जा आणि ‘धार जांभळ्यावर उतरवली आहे का’ एवढाच प्रश्न विचारा. ज्याला प्रश्न कळेल तो मनापासून बोलू लागेल, आणि त्याच्याकडून दहावीस रुपये जास्त देऊनही घ्यावे. पाते मोडले तर आणून दाखवता येईल असा माणूस असणे, ही मोबाईलवरच्या खरेदीत न मिळणारी गोष्ट आहे.

कार्बनचे पोलाद गंजते, हे मान्य करून चालावे. काम संपले की चीक पुसून कोरडे करा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवा. म्यान शिवून घ्यायचे असेल तर आपल्याकडे कोल्हापुरी पायताणे करणारा कोणीही कारागीर ते सुरेख शिवून देईल, पण एक लक्षात ठेवा. ते चामडे झाडपाल्याने कमावलेले असते आणि ओल धरली की त्यातला तुरट अंश लोखंडाला काळे पाडतो. म्यान नेण्या-आणण्यापुरते वापरावे आणि घरी आल्यावर पाते बाहेर काढून टांगावे.

रांगण्याच्या प्रश्नाला माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. पाटगावकडून जाणारी ती वाट जंगलातून जाते, आणि राखीव वनात झाडझुडूप तोडणे 1927च्या भारतीय वन कायद्याने गुन्हा आहे. राधानगरीसारख्या अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेशच करता येत नाही, आणि 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत सुरीही येते. शस्त्र नियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांना शस्त्र मानले आहे, मात्र घरगुती, शेतीच्या किंवा उद्योगाच्या कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. कोयता शेतीचे अवजार आहे, तो काळा सुरा तसा आहे हे पोलिसांना पटवणे अवघड जाईल, आणि हेही तो न घेण्याचे एक कारण आहे. कोयता टोळ्यांच्या बातम्यांनी या अवजाराचे नाव खराब केले आहे, शिवाय सणासुदीच्या आणि निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37खाली मनाई आदेश निघत असतात. तेव्हा शेताकडे नेतानाही कोयता गोणपाटात बांधून, कुदळ-फावड्याच्या जोडीने, गाडीच्या डिकीत ठेवून न्या. सीटखाली ठेवू नका. तुमच्या रानात हिरडा, जांभूळ, ऐन, फणस अशी झाडे असतील तर ती स्वतःच्या जमिनीतली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हेही साफसफाईच्या उत्साहात विसरू नये.

आणि आता तुम्ही ताजा कलमात लिहिलेला सासऱ्यांचा कोयता. बाजारात जाण्याआधी तो माळ्यावरून खाली काढा. गंज नुसता वरवरचा आहे की पात्याला खड्डे पडले आहेत, ते पाहा. रॉकेलमध्ये रात्रभर भिजवून, सकाळी विटेच्या तुकड्याने घासून, मग धारेवर कानस चालवा आणि टिचकी मारून आवाज ऐका. कानशीने हट्टाने धरले आणि आवाज स्वच्छ आला, तर तुमच्या हाताच्या मापाची बाभळीची मूठ आणि नव्या रिबिटा एवढाच खर्च उरतो. मूठ जाळून काढण्याची घाई कोणाला करू देऊ नका, त्या आगीने शेपटीजवळचे पाणी उतरते. जुन्या रिबिटांची डोकी कानशीने घासून त्या ठोकून काढायच्या असतात. पाते 11 इंचांहून लांब असेल, तर लोहाराकडून टोक कापून घेता येईल, फक्त कापताना पाते सतत ओले ठेवायला सांगा. कानस घसरली किंवा लोण्यासारखी शिरली, तर मात्र ते पोलाद लोहाराला दाखवा, आणि त्यानेही नकार दिला तरच नव्याचे पैसे मोजा.